चिरायचं कशावर?

हौशी : वहिनी, यंदा मी ठरवून टाकलं. चिरायला लाकूडच. प्लास्टिकचा पांढरा बोर्ड भंगारात गेला, स्टीलचा भिंतीला टेकून बसलाय, बांबूचा देऊन टाकला. प्लास्टिकवर सुरी चालली की बारीक चरे पडतात. सुरुवातीला ते दिसत नाहीत, मग हळदीनं पिवळे होऊन दिसायला लागतात. एकदा दिसले की घासणीनं कितीही घासा, चऱ्याच्या तळाशी घासणी पोचत नाही. आणि त्या चऱ्यातलं प्लास्टिक गेलं कुठं? भाजीत. २०२३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे मोजायचा प्रयत्न केला. पॉलिएथिलीनच्या बोर्डावर चिरून खाणाऱ्या माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे साडेसात ते पन्नास ग्रॅम प्लास्टिकचे कण येऊ शकतात, असा त्यांचा अंदाज निघाला. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे! स्टीलचं आणि काचेचं तसं नाही, पण तिथं सुरीची धार जाते. ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरणं तर त्याहून वाईट, त्यातली गारगोटी सुरीच्या पोलादापेक्षा कठीण. आठ दिवसांत सुरी टोमॅटोवरून घसरायला लागते. राहिलं लाकूड. ते सुरीला सांभाळून घेतं, आणि आपल्या घराला ते परकंही नाही. पोळपाट लाकडाचा, लाटणं लाकडाचं, रवी लाकडाची, आजीची काठवट लाकडाची. मग चिरायचा पाटच तेवढा प्लास्टिकचा कशाला?

शंकेखोर : भाऊजी, तुम्ही घेतलेली सगळी नावं खरी आहेत, आणि त्यातच तुमची अडचण आहे. पोळपाट होता, काठवट होती, मुसळ होतं. चिरायचा पाट कुठं होता? सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मी तरी तो पाहिला नाही. तिथं इळी होती. तुम्ही शिकलेली माणसं विळी म्हणता. विळीलाही पाट असतो, पण तो पाय ठेवायला. त्यावर कुणी काही चिरत नाही. पातं उभं, धार आपल्याकडं, वांगं दोन्ही हातांत धरून धारेवर लोटायचं, फोड खाली मिठाच्या पाण्यात. चिरताना वांग्याच्या खाली काय असतं? काहीच नाही. तुम्ही विचारताय की पाट कशाचा चांगला. विळीचं त्यावर उत्तर असं की पाटच नको. चरे पडायला जागा नाही, वास धरायला जागा नाही, धुवायचं ते पातं, बोटभर रुंद. आणि ही काही आपल्याच गावची अक्कल नव्हे. गोव्यात आदोळी, बंगालात बोंटी, पलीकडं कानडी मुलखात ईळिगे मणे. मणे म्हणजेही पाटच, तोही बसायचा किंवा पायाखालचा. एवढ्या मोठ्या मुलखानं शेकडो वर्षं कांदे चिरले आणि कशावर चिरावं हा प्रश्न त्यांना पडला नाही. म्हणून मला तुमच्या उत्तराआधी तुमच्या प्रश्नाचीच शंका येते.

हौशी : विळी गेली कशामुळं ते बघा. तिच्यात खोट निघाली म्हणून तिला कुणी टाकलं नाही. चूल गेली, गॅस आला, गॅसला ओटा लागला. ओट्यावर आधी शहाबादी फरशी, मग कडप्पा, आता ग्रॅनाइट. बसून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. आणि उभ्या माणसाला विळी चालवता येत नाही, कारण विळीचं निम्मं काम पाय करतो. पाटावर पाय घट्ट रोवलेला असतो म्हणून दोन्ही हात भाजीला मोकळे मिळतात. मी घडीची विळी ओट्यावर ठेवून बघितली आहे. दुधी लोटला की विळीच मागं सरकते. एका हातानं विळी धरायची तर दुधी कोण धरणार? म्हणजे पाय सुटला तेव्हा भाजीला आधार द्यायला दुसरं काहीतरी लागलं. हा बोर्ड त्या पायाच्या जागी आलेला आहे. आता तुम्ही म्हणाल, बसा की खाली. तुमचे गुडघे बसू देतात का?

शंकेखोर : नाही बसू देत. सहा वर्षं झाली, विळीवर बसले नाही. पण म्हणून मी तुमच्या बोर्डावर चिरते असं नाही. हा डाव्या हाताचा अंगठा बघा. या आडव्या काळ्या रेघा दिसतात ना, त्या मेहंदीच्या नाहीत. लहान सुरी घ्यायची, बटाटा तळहातात धरायचा, सुरी अंगठ्याकडं ओढायची, फोड खाली पातेल्यात. खाली पाट नाही, समोर पाट नाही. तुम्ही कुठल्याही घरात सकाळी साडेसातला डोकावा, डब्याची घाई असलेली बाई अशीच चिरताना दिसेल. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वापरला जाणारा चॉपिंग बोर्ड म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. त्याच्यावर संशोधन कुणी केलंय? तो कशाचा आहे, किती टिकतो, चरे पडल्यावर कसा धुवायचा?

दुसरं. आपल्या जेवणात सुरी लागतेच किती? मेथी निवडायची, गवार मोडायची, अंबाडी खुडायची, मिरची देठ काढून तव्यावर भाजायची आणि रगडायची. भाकरीबरोबरचा कांदा तर बुक्कीनं फोडायचा. सुरी लावली तर चव जाते म्हणणारी माणसं याच घरात जेवून गेलीत. बोर्ड लागतो तो एकसारखा बारीक कांदा हवा असणाऱ्याला. तुम्ही व्हिडिओ बघून सुरी टकटक टकटक चालवता, तिला खाली टप्पा लागतो. टप्प्यासाठी पाट, पाटासाठी लाकूड, लाकडासाठी तेल. एका टकटकीमागं किती संसार मांडला बघा.

हौशी : टकटकीला हसा, पण अंगठ्याच्या रेघा म्हणजे काही पदक नव्हे. तिखट कांद्याचं पाणी त्या रेघांत गेल्यावर काय होतं ते तुम्हीच सांगितलंय मला. बोट कापून घेण्यापेक्षा खाली पाट बरा. आणि आता घरात चिरणारे हात फक्त तुमचे नाहीत. मी चिरतो, शिकायला बाहेर राहिलेला पोरगा खोलीवर चिरतो. आम्हाला कुणी लहानपणी विळीवर बसवलं नाही, हातात धरून चिरायला शिकवलं नाही. ज्याचा हात तयार नाही त्याला बोर्ड लागतोच. तुम्ही म्हणता बोर्ड ही हौस आहे. मी म्हणतो, पुरुष स्वयंपाकघरात शिरला त्याची ती पहिली पायरी आहे.

शंकेखोर : हे मात्र पटलं. पहिल्यांदाच.

हौशी : मग आता लाकडावर या.

शंकेखोर : येते की. पण आधी तुमच्या त्या नॉर्थ डकोटावर येते. पेपर अर्धाच वाचलात तुम्ही. त्याच लोकांनी लाकडी बोर्डही तपासला होता. लाकडातून निघणारे कण प्लास्टिकच्या कणांपेक्षा चार ते बावीस पट जास्त निघाले. आणि प्लास्टिकचे कण त्यांनी उंदराच्या पेशींवर टाकून बघितले, तर त्या पेशी तगण्यात काही फरक पडलेला दिसला नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, पोरांना एकच सांगायचे, आपल्याला हवा तो आकडा सापडला की पान उलटायचं थांबू नका. आता तुम्ही म्हणाल, उंदराच्या पेशी तीन दिवसांच्या, आपण खाणार तीस वर्षं. बरोबर आहे, यानं प्लास्टिक निर्दोष ठरत नाही. पण ते दोषी ठरलं, असंही तुम्हाला म्हणता येत नाही.

हौशी : लाकडाचा कण आणि प्लास्टिकचा कण एका तराजूत घालू नका. लाकडाचा भुसा म्हणजे सेल्युलोज. शेवग्याची शेंग चघळून आपण तेच थुंकतो आणि थोडं गिळतोही. पोटाला त्याची ओळख आहे. पॉलिएथिलीनची ओळख माणसाच्या पोटाला कधी होती? आणि जात्या-पाट्याचे कण तर आपण पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेत. पाट्याला टाकी लावणारीण दारावरून ओरडत जायची. टाकी लावली की सासूबाई पहिलं वाटण टाकून द्यायच्या, तरी दोन दिवस चटणी दाताखाली कचकचायची. दगड खाल्ला, लाकूड खाल्लं, काही झालं नाही.

शंकेखोर : काही झालं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? सासूबाईंचे दात पन्नाशीत झिजून सपाट झाले होते. त्याला पाटा कारण की तंबाखूची मिश्री, ते मी सांगणार नाही, मला ठाऊक नाही. पण ‘पूर्वापार आहे म्हणून बरं आहे’ हा पुरावा मी नववीच्या पोरालाही खपवू दिला नसता. सेल्युलोजचा मुद्दा ठीक आहे. पण त्याला लाकूड कुठलं, त्यावर काय लावलंय, बांबूच्या पट्ट्या कुठल्या गोंदानं चिकटवल्यात, हे सगळं जोडून धरावं लागतं. तुमचा बांबूचा बोर्ड म्हणजे गवताच्या पट्ट्या आणि गोंद. त्याला लाकूड म्हणायचं की प्लास्टिक?

हौशी : म्हणून तर तो दिला. शिवाय बांबूत वाळूचा अंश असतो, सुरी लवकर बोथट होते. सागातही थोडा असतो, म्हणून सुतार सागावर रंधा मारताना कुरकुरतात. मला हवं होतं चिंचेचं. का, ते सांगतो. मोंढ्याकडून येताना मटणाच्या दुकानात बघा, खाटीक कशावर तोडतो? चिंचेच्या ओंडक्यावर. बाभळीवर नाही, सागावर नाही, कडुनिंबावर नाही. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, सत्तुराचा घाव बसला तरी ओंडका फाकत नाही. आणि तो ओंडका आडवा कापलेला असतो, म्हणजे झाडाचे तंतू उभे, त्यांची टोकं वर. ब्रशच्या केसांवर सुरी ठेवल्यासारखं होतं ते. पातं तंतूंच्या मधे शिरतं, बाहेर आलं की तंतू पुन्हा मिटतात. धारही राहते आणि लाकूडही राहतं. तंतू आडवे असलेल्या फळीवर मात्र पातं ते तोडत जातं, म्हणून तिला चर पडतो. लोक विचारतात लाकूड कुठलं. मी म्हणतो त्याच्याइतकंच महत्त्वाचं आहे ते कापलंय कसं.

आता जंतूंचं. लाकूड ओलं राहतं, जंतू धरतं, हे आपण गृहीतच धरलेलं आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर म्हणून प्राध्यापक होते. त्यांनाही तसंच वाटत होतं. लाकडी पाट किती धुतला म्हणजे प्लास्टिकइतका सुरक्षित होईल, हे शोधायला ते निघाले आणि निष्कर्ष उलटाच निघाला. १९९४ साली त्यांचे निबंध छापून आले. लाकडावर साल्मोनेलासारखे जंतू टाकले तर ओलाव्याबरोबर ते खाली लाकडात ओढले जातात, वर सापडत नाहीत, आणि लाकूड वाळेल तसे आत मरतात. लाकूड फोडून किंवा कोरून बघितलं तरच हाती लागतात. प्लास्टिक नवं असताना सहज स्वच्छ होतं, पण चरे पडलेलं प्लास्टिक हातानं घासून नीट स्वच्छ होत नाही.

शंकेखोर : प्रयोग चांगला आहे. पण कोंबडीचा आहे.

हौशी : म्हणजे?

शंकेखोर : म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात कच्ची कोंबडी त्याच पाटावर येते आणि मागून काकडी येते. भीती त्याची आहे. आपल्याकडं कच्चं मांस पाटावर येतंच कुठं? कोंबडी दुकानातच तुकडे होऊन पिशवीतून येते, धुतली की थेट पातेल्यात. बहुतेक घरांत तर मटणाचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, काहींची चूलही अंगणात वेगळी. या गावात निम्म्या घरांत गळ्यात लिंग आणि दारात तुळस, तिथं तर प्रश्नच नाही. तेव्हा जंतूंचा खरा प्रश्न आपल्या ओट्यावर नाही, तो त्या चिंचेच्या ओंडक्यावर आहे, आणि त्याचं उत्तर खाटकानं द्यायचं आहे. क्लायव्हरसाहेबांना मोंढ्यात पाठवा, माझ्याकडं नको.

आपल्या पाटाची परीक्षा वेगळी आहे. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही कलिंगड आणलं होतं. त्याच लाकडावर चिरलंत ज्यावर सकाळी ठेच्यासाठी लसूण चिरला होता. धुतलं होतं की नव्हतं?

हौशी : धुतलं होतं.

शंकेखोर : तरी कलिंगडाला लसणाचा वास. पोरांनी दोन फोडी खाल्ल्या आणि बाकीचं शेजारच्या म्हशीनं. जंतू आत ओढून घेणारं लाकूड वासही आत ओढतं, आणि वास काही वाळून मरत नाही. तुमच्या लाकडाचा जो गुण तोच त्याचा दोष आहे. इथं प्लास्टिक सरस. काचही सरस, स्टील तर सगळ्यात सरस. सुरीच्या बाजूनं विचार केलात तर लाकूड जिंकतं, कलिंगडाच्या बाजूनं केलात तर हरतं. मग सगळ्यात चांगलं म्हणजे कुणासाठी चांगलं?

हौशी : दोन पाट ठेवायचे. एक कांदा-लसणाचा, एक फळांचा. हॉटेलांत तर रंगांवरून पाच-पाच ठेवतात.

शंकेखोर : ठेवा. आणि धुवा. कशानं धुणार? तुम्ही परळीतच राहता ना? नागापूरच्या वाण धरणाचा तळ दिसायला लागला की नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. २०१३ ला आणि २०१५ ला पाण्यावाचून आपलं औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. जिथं सरकारला टर्बाइनसाठी पाणी मिळालं नाही, तिथं मी दोन पाट दोन वेळा धूत बसू? तुमचे सगळे अमेरिकेतले प्रयोग गरम पाण्याचा नळ गृहीत धरतात. विळीला ओलं फडकं पुरायचं.

(इथं लिहिणाऱ्यानं मधे तोंड घालू नये खरं. पण वैजनाथाचं ज्योतिर्लिंग परळीचं की झारखंडातल्या देवघरचं, हा वाद ज्या गावात चहाच्या प्रत्येक कपाबरोबर पुन्हा उकळतो, तिथं पाटाचा वाद एका बैठकीत मिटावा अशी अपेक्षा करणारा गावाबाहेरचाच असला पाहिजे.)

हौशी : पाण्याचा मुद्दा उलट माझ्या बाजूचा आहे. प्लास्टिकला साबण आणि भरपूर पाणी लागतं, कारण घाण चऱ्यात बसते. लाकूड पाण्यात बुडवायचं नसतंच. जाडं मीठ टाकायचं, पिळलेल्या लिंबाच्या सालानं घासायचं, सुरीच्या पाठीनं खरवडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि उभं करून ठेवायचं, दोन्ही अंगांनी वारा लागेल असं. वाळणं हेच त्याचं धुणं आहे, आणि वाळवायला परळीसारखी हवा कुठं मिळणार? मुंबई-कोकणात लाकडी पाटाला बुरशी धरते. इथं मार्च ते मे नुसता ओट्याशेजारी ठेवला तरी तासाभरात खडखडीत.

शंकेखोर : इतका खडखडीत, की तडकतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत वखारीतून आणलेली ती चिंचेची चकती कुठं आहे?

हौशी : ते... माझी चूक होती.

शंकेखोर : सांगा ना, विज्ञान आहे ते.

हौशी : ओंडक्याची अख्खी चकती आणली होती, मधोमध गाभा असलेली. दिसायला सुंदर, वर्तुळावर वर्तुळं. आणताना जड होती तेव्हाच कळायला हवं होतं की आत ओल आहे. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आक्रसत नाही. वर्तुळाच्या रेषेनं ते जितकं आक्रसतं, त्याच्या जवळपास निम्मंच गाभ्याकडून सालीकडं आक्रसतं. म्हणजे परीघ आवळायला बघतो आणि त्रिज्या त्याला आवळू देत नाही. मग कुठंतरी फाटणं भाग असतं. एप्रिलमध्ये एका रात्री फट्‌ असा आवाज झाला, मला वाटलं मांजरानं काहीतरी पाडलं. सकाळी बघतो तर सालीपासून गाभ्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग.

शंकेखोर : मग खाटकाचा ओंडका का नाही फाटत?

हौशी : फाटतो थोडा. पण तो रोज ओला होतो, शिवाय दीड-दोन फूट जाड, आत-बाहेर एवढा फरक पडत नाही. आणि काही जण त्याला लोखंडी पट्टी ठोकतात, बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तशी. मी दोन इंचांची चकती कोरडी ठेवली, वरून शेंगदाण्याचं तेल चोपडलं. तेही चुकलं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही. ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते, महिन्याभरात खवट वास मारायला लागतं. लाकडाला लागतं वाळणारं तेल, म्हणजे हवेत राहून ज्याची घट्ट साय धरते असं. जवसाचं धरतं. आणि गंमत अशी, की आपलं करडईचं तेलही त्याच जातीतलं, रंग बनवणारे वापरतात ते. मराठवाड्यात घरोघरी करडईचं तेल होतं तेव्हा आपण ते फोडणीला घालत राहिलो. आता पाटाला हवंय तर मोंढ्यात घाण्याचं शुद्ध करडईचं तेल शोधत फिरावं लागतं.

शंकेखोर : बघा, किती वाढलं! आधी लाकूड निवडा, मग ते उभं कापलं की आडवं ते बघा, गाभा टाळा, वर्षभर सावलीत वाळवा, घाण्यावरून तेल आणा, पातळ हात द्या, आठवडाभर थांबा, पुन्हा द्या. हे सगळं तुम्ही रविवारी हौसेनं करता, मला कौतुक आहे. पण बुधवारी संध्याकाळी तो पाट ओला तसाच उपडा ठेवला कुणी म्हणून ओरडाही तुम्हीच करता. भांडी घासणाऱ्या मावशींना तो वेगळा ठेवायचा, पाण्यात टाकायचा नाही, हे सांगायचं कुणी? मी. लाकूड चांगलं की वाईट हे पदार्थविज्ञान झालं. ते सांभाळायचं कुणी, हे घरातलं राजकारण. प्लास्टिकचा पाट मावशी बादलीत टाकतात, घासतात, काम संपतं. दोन वर्षांनी चरे पडले की टाकून द्यायचा. तो माणसाला बांधून घेत नाही. तुमच्या यादीत हा गुण कुठंच नाही, कारण यादी तुम्ही केली आहे.

हौशी : हा घाव बरोबर बसला. पण मग टाकून दिलेला प्लास्टिकचा पाट कुठं जातो, तेही विचारात घ्या. तो गावाबाहेर कचऱ्यात शेकडो वर्षं पडणार किंवा कुणीतरी जाळणार. परळीला राखेचं आधीच काही कमी नाही. लाकडी पाट मेला तर बंबात जातो. बरं, सांभाळायचं म्हणता ते ओझं खरं आहे, पण विळीला ते नव्हतं का? विळीचं पातं गंजायचं. घिसाडी रस्त्याकडेला भाता लावून बसले की धार लावायला न्यावी लागायची. पोरं रांगायला लागली की ती आडवी करून कोपऱ्यात सरकवायची, नाहीतर सासूबाई केवढ्या ओरडायच्या. सांभाळणं तेव्हाही होतं, फक्त ते अंगवळणी पडल्यामुळं मोजलं जात नव्हतं. आणि तेव्हाही ते तुम्हीच करत होता. तुम्ही आज विळीला बिनखर्चाची म्हणता, ती कुणाच्या खर्चानं?

शंकेखोर : ...

हौशी : काय झालं?

शंकेखोर : नाही, बरोबर आहे. मोजलं नव्हतं. विळीवर ओणवं बसून पाठीला रग लागायची तीही मोजली नव्हती. पण मग तुमचाही हिशेब बदलतो, भाऊजी. तुम्ही एक पाट शोधताय जो सुरीला मऊ, दाताला स्वच्छ, नाकाला निर्वास, पाण्याला काटकसरी आणि माणसाला बिनत्रासाचा असेल. यातल्या दोन गोष्टी एका वस्तूत एकत्र नांदत नाहीत हे आपण दोघंही बघतोय. मऊ असेल ते झिजणार आणि पिणार. कठीण असेल ते पिणार नाही, पण धार खाणार. जपानी लोक मुद्दाम हिनोकीसारखं मऊ लाकूड घेतात, कारण त्यांना सुरी पाटापेक्षा मोलाची. आपल्याकडं सुरी पंचवीस रुपयांची, धार गेली की ओट्याच्या कडेवर घासायची. त्या सुरीसाठी चिंचेचा पाट म्हणजे रेड्याला झूल. आधी सुरी ठरवा. सुरी ठरवायला आधी काय चिरायचं ते ठरवा. ते ठरवायला आधी कोण चिरणार ते.

हौशी : मीच चिरणार. चिंचेची फळी घेणार, गाभा टाळून, वर्षभर वाळवलेली. कांद्याला. फळांना पांढरं प्लास्टिक, चरे पडले की टाकेन आणि अपराधी वाटून घेईन. तुमचा अंगठा तुमच्याजवळ.

शंकेखोर : चालेल. पण एक राहिलं. परवा होळी आहे. पुरणाला दोन किलो गूळ चिरायचाय, ढेप दगडासारखी आहे. अंगठ्यावर होत नाही. तुमच्या प्लास्टिकवर सुरी दाबली की पाटच घसरतो. विळीवर बसता येत नाही. गूळ कशावर चिरू?

हौशी : मी मागच्या वेळी त्या तडकलेल्या चकतीवर फोडला होता.

शंकेखोर : ठाऊक आहे मला. भेगेत गूळ बसला होता आणि सकाळी मुंगळ्यांची रांग गाभ्यापर्यंत गेली होती. पुसून वाळवलं की स्वच्छ झालं, असं तुम्ही म्हणाला होतात ना? मुंगळ्यांना तसं वाटलं नाही.

हौशी : मग पाट्यावर. दगडाचा आहे, पीत नाही, घसरत नाही. बत्त्यानं फोडायचा, सुरीचा प्रश्नच येत नाही.

शंकेखोर : पाटा सिलिंडरच्या मागं पडलाय, बारा वर्षं झाली. चला, एका बाजूनं तुम्ही धरा. आणि गुडघे वाकवून उचला, पाठीनं नको.